वारा पाठीत होता

नौतपात झाशीला जाणारं माणूस एक तर कुणाच्या लग्नाला निघालेलं असतं, नाही तर डोक्यावर परिणाम झालेलं. माझं दोन्हीपैकी काही नाही. मी दरवर्षी भांडून नेमकी हीच रजा मागून घेते. मेच्या अखेरीला सूर्य रोहिणीत शिरला की जे तापायला लागतं त्याला इकडे नौतपा म्हणतात, आणि तो धड तापला नाही तर पुढे पाऊसही धड पडत नाही, असं इथला भाजीवालासुद्धा छातीठोकपणे सांगतो. माझ्याबरोबरचे वैमानिक डोंगरात जातात, समुद्रावर जातात. 'तू चुलीत का जातेस?' म्हणून विचारतात. जाते. माझी मर्जी.

स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की पछुआ थोबाडीत देते. पश्चिमेकडून येते म्हणून पछुआ. दुपारी तापली की तीच लू, आणि शेजारच्या बुंदेली बायकांच्या तोंडी लपट. ऑटोवाला स्वतः गमछ्यात डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला असतो. 'दीदी, मुँह ढाँक लो, लपट लग जैहै,' म्हणतो. मी नाही झाकत. सदर बाजारातली अर्धी दुकानं शटर ओढून झोपलेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि मी उघड्या तोंडाने ती सगळी लपट खात प्रेम नगरला घरी पोहोचते. या वाऱ्याशी माझं जुनं भांडण आहे. भांडणात कुणी तोंड झाकतं का?

घरात नाना असतात. नाना म्हणजे माझे वडील. जन्मभर एका कचेरीत कारकुनी केली, आता निवृत्त आहेत आणि पूर्ण वेळ उन्हाविरुद्ध कारस्थान करतात. ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, कूलरला वाळ्याची ताटी, आणि स्वतःची खुर्ची अशी लावलेली की पाठ बरोबर पश्चिमेला. 'आलीस? वाटेत भाजून नाही निघालीस? आधी पन्हं घे, मग बोल.' आमच्या घरातलं मराठी हे असं आहे, जुन्या पितळी भांड्यासारखं जड. ते उंबऱ्याच्या आतच वापरायचं. बाहेर हिंदी, गल्लीत बुंदेली. भावाची मुलं तर मराठीत ओरडा खातात आणि हिंदीत उत्तर देतात. मी स्वतः वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत घराबाहेर मोठ्याने मराठीचं एक वाक्य बोलले असेन असं मला आठवत नाही.

मी विमान चालवते. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग विचारतात, 'कुठली?' झाशीची म्हटलं की झालं! डोळे चमकतात, छाती फुगते, आणि पुढचं वाक्य मला तोंडपाठ असतं. अरे, किती वेळा? झाशीच्या मुलीने नुसती सायकल शिकायची म्हटली तरी तिला घोड्यावर बसवतात. राणीबद्दल मला आदर आहे, कुणाला नसेल? पण त्या आदराचं ओझं प्रत्येकाने माझ्या पाठीवर टाकावं, हे मला चालत नाही. मी घाबरते. पुष्कळ घाबरते. ज्या वैमानिकाला भीती वाटत नाही त्याच्या विमानात मी बसणार नाही, तुम्हीही बसू नका.

यंदा रजेवर निघायच्या आदल्या दिवसाचीच गोष्ट. संध्याकाळचं विमान, सगळ्या जागा भरलेल्या. धावपट्टी अगदी समोर आलेली असताना वारा आडवा फुटला, विमान मधल्या रेषेवरून सरकलं, आणि मी इंजिनांना जोर देऊन सरळ वर निघून गेले. एक फेरी मारली, परत आले, उतरले. एवढंच. विमानातून उतरताना पुढच्या रांगेतले एक गृहस्थ दारात थांबून मला म्हणाले, 'मॅडम, पहिल्यांदा जमलं नाही वाटतं?' त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. मी हसून म्हटलं, 'जमलं ना. वर जाणंच जमवायचं होतं.' त्यांना कळलं नाही. घरी येईपर्यंत माझी कानशिलं तापलेली होती. आणि मग आठवण निघाली ती थेट त्या उन्हाळ्याची, जेव्हा असंच वर निघून जाण्यावरून माझं सगळंच जायची वेळ आली होती.

झाशीपासून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, खडकाळ टेकड्यांच्या मधल्या माळावर, विमान शिकवणारी एक छोटी शाळा होती. नाव नाही सांगत. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, एक शेड आणि शेडवर सावली धरणारा प्रचंड कडुनिंब. धावपट्टी उत्तर-दक्षिण आखलेली. म्हणजे पश्चिमेची पछुआ बरोब्बर आडवी यायची. ज्याने कुणी ती आखली त्याने नौतपा पाहिला नसावा, नाही तर त्याचं कुणाशी तरी वैर असावं. पट्टीच्या उत्तर टोकाशी खांबावर विंडसॉक होता, वारा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी, पायजम्याच्या एका पायासारखी. दक्षिण टोकाला पट्टी संपली की लगेच नाला आणि काळे धोंडे. आमच्यातला प्रत्येकजण पहिल्या दिवशी ते धोंडे बघून यायचा आणि जेवताना कमी बोलायचा.

शिकवायला राठौर सर. फौजेतून आलेले, आवाज असा की हँगरच्या पत्र्याला हादरा बसावा. लू लागू नये म्हणून शर्टाच्या खिशात सोललेला कांदा ठेवायचे. ते शेजारी बसले की छोट्या विमानाची सगळी खोली पेट्रोल, घाम आणि कांदा यांनी भरून जायची. आजही कांदा चिरताना माझे पाय आपोआप पेडल शोधतात. घरच्यांना वाटतं, कांद्याने डोळ्यांत पाणी आलं. असेल.

पहिल्याच वर्गात सरांनी मला उभं केलं. 'झाँसी!' माझं नाव मंजिरी, पण तेव्हा ते त्यांच्या तोंडी नसायचं. 'हवा पच्छिम से आ रही है। जहाज़ उतारना है। मुँह किधर, पीठ किधर?' मी ताडकन उत्तर दिलं, 'पीठ हवा की तरफ़, सर.' वर्ग हसला तो हसलाच. मला कळेना, काय चुकलं? वाऱ्याकडे पाठ, हे मला कुणी शिकवलंही नव्हतं, ते माझ्या अंगातच होतं.

त्याला कारण आमचं घराणं. आमचे पूर्वज केव्हातरी महाराष्ट्रातून आले आणि झाशीजवळच्या गुरसरायच्या जहागिरीत कारकून झाले. मग राज्य गेलं, दुसरं आलं, तेही गेलं. दरबारी भाषा बदलली, पगार देणारा बदलला, आम्ही दप्तर सांभाळत राहिलो. 'वारा येईल तशी पाठ द्यावी,' हे आमच्या घरातलं खरं कुलदैवत. नाना ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. वरिष्ठ साहेब बदलला, वारा येईल तशी पाठ द्यावी. शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, वारा येईल तशी. मोठ्या आत्याला शिक्षिकेची नोकरी सोडायला लावली तिच्या सासरच्यांनी, तिलाही हाच उपदेश. तिने पाठ दिली. पुढे ती पापड फार छान लाटायची, सगळे कौतुक करायचे. मी ते पापड खाताना कधी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, बघवायचं नाही.

नानांना दोष देणं सोपं आहे. मूठभर माणसं परक्या मुलखात इतकी वर्षं टिकली, ती त्या पाठीच्या जोरावरच. पण मला सांगा, टिकून करायचं काय? दर वेळी पाठच द्यायची असेल तर देवाने तोंड कशाला दिलं?

विमान नेमकं उलटं मागतं. त्याला तोंडावर वारा लागतो. समोरून वारा आला की विमान हवेत तेवढंच वेगात असतं, पण जमिनीवर हळू सरकतं, अलगद टेकतं, थोडक्यात थांबतं. पाठीतला वारा लाडीगोडी लावतो. चल चल म्हणत पुढे ढकलतो, पट्टी भराभर संपते, चाकं टेकायला तयारच होत नाहीत, आणि मग तुम्ही आणि धोंडे. आडवा वारा निदान सरळ वैरी तरी आहे. बाजूने येतो, ढकलतो, लपवत काही नाही.

त्या आडव्या वाऱ्यात उतरायची रीत मला जगातली सगळ्यात सुंदर रीत वाटते. वारा जिकडून येतो तिकडे विमानाचं नाक थोडं वळवून ठेवायचं आणि खेकड्यासारखं तिरपं तिरपं पट्टीकडे यायचं. नाक एकीकडे, वाट दुसरीकडे. बघणाऱ्याला वाटतं, ही शेतात चालली. चालू दे वाटायला. अगदी शेवटी, जमीन हाताला लागेल इतकी जवळ आली की पायाने पेडल दाबून नाक सरळ करायचं आणि त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचा पंख जरा खाली दाबून धरायचा. मग त्या बाजूचं एक चाक आधी टेकतं, दुसरं नंतर. क्षणभर अख्खं विमान एका पायावर धावतं. तो पंख वाऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो, तो सोडायचा नाही. सोडला की वारा खाली शिरून तुम्हाला उलथवतो.

हे सगळं मला पाठ होतं आणि तरी जमत नव्हतं. पट्टी जवळ आली, नाक सरळ करायची वेळ आली की छातीत धडधड व्हायची, विमान बाजूला सरकायला लागायचं, आणि मी इंजिन पूर्ण उघडून वर पळायचे. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. खाली मुलं हात हलवून टाटा करायची. मेसमध्ये एकाने माझ्या ताटात वाढताना विचारलं, 'रोटी उतार दूँ, या ये भी ऊपर जाएगी?' मी ती पोळी त्याच्याच ताटात आदळली.

शेवटी एका संध्याकाळी सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, 'कल अकेली जाओगी। एक बार में उतरना है। फिर ऊपर भागी तो बिस्तर बाँध लेना, झाँसी। जिसे उतरना नहीं आता, उसके लिए यहाँ जगह नहीं।' त्यांचं म्हणणं अन्यायाचं होतं असंही नाही. वर जायला कुणालाही येतं.

मी नानांना फोन केला. खरं तर आईशी बोलायचं होतं, पण ती मंदिरात गेलेली. नाना ऐकून घेऊन म्हणाले, 'नाही झेपत तर ये परत. रेल्वेच्या परीक्षेचा अर्ज अजून भरता येईल. कुणी हसणार नाही. वारा येईल तशी पाठ द्यावी, बाळा.' किती मायेने म्हणाले! रागावले असते तर बरं झालं असतं. मी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला, आणि मग खोलीतल्या उशीला इतके गुद्दे मारले की शेजारची मुलगी दार वाजवून विचारायला आली, 'छिपकली है क्या?'

दुसऱ्या दिवशीची दुपार. माळावर वावटळी उठत होत्या, वाळलेली पानं आणि पॉलिथिनच्या पिशव्या फिरत फिरत वर चढत होत्या. वारा नैऋत्येचा होता, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उतरलं की समोरून आणि उजवीकडून येणार. मी एकटी वर गेले. शेजारची जागा रिकामी. कांद्याचा वास मात्र होताच. फेरी पूर्ण करून मी पट्टीसमोर आले, उतरायला लागले, आणि कानातल्या रेडिओवर सरांचा आवाज आला, 'ठीक आ रही हो। अब भागना मत।'

आणि खरंच ठीक येत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विमान बाजूला ढकललं जात नव्हतं. हात हलके, नाक जवळजवळ सरळ. मी मनात म्हटलं, जमलं! अगं बाई, जमलं की! एवढ्यात लक्षात आलं की खालची जमीन फार घाईत आहे. शेतांचे बांध सटासट मागे पळत होते. वेगाचा काटा जिथे असायचा तिथेच होता, आणि तरी जमीन पळत होती. मी वर बघितलं. समोर लांबवर वीटभट्टी होती. मघापर्यंत तिचा धूर माझ्या बाजूला झुकत होता. आता तोच धूर माझ्यापासून लांब, पुढे, मी निघाले होते त्याच दिशेला पळत होता. विंडसॉकवर नजर टाकली तर पायजमा उलटा वळलेला. वारा फिरला होता. मागच्या बाजूने, वायव्येकडून, माझ्या पाठीत आला होता.

म्हणून तर सगळं सोपं वाटत होतं.

उतरले असते तर? कदाचित थांबलेही असते. छोटं विमान, पट्टी बरीचशी शिल्लक. खाली सर उतर म्हणतायत, सगळी मुलं बघतायत, वर गेले तर बिस्तर. घरी रेल्वेचा अर्ज. सगळ्या जगाने मिळून माझ्या पाठीत हात घालून मला पुढे ढकलायला सुरुवात केली होती. आणि त्या क्षणी मला जो राग आला, तसा मला पुन्हा कधी आला नाही. वाऱ्याचा राग, सरांचा, त्या रोटीवाल्याचा, आत्याच्या पापडांचा. मी इंजिन पूर्ण उघडलं.

'झाँसी! उतरो! क्या कर रही हो? उतर जाओ!'

मी रेडिओचं बटण दाबलं आणि ओरडले, 'नाही उतरणार! वारा पाठीत आहे, दिसत नाही का तुम्हाला?'

मराठीत. चक्क मराठीत, बुंदेलखंडाच्या आकाशात, फौजी माणसाला. विमानात बोलायची भाषा इंग्रजी, सरांची हिंदी, आणि माझ्या तोंडातून निघाली ती स्वयंपाकघरातली, उंबऱ्याच्या आतली. मी पट्टीवरून वर निघून गेले, खाली काळे धोंडे गेले, नाला गेला. डोकं विलक्षण थंड होतं. बिस्तर तर बांधायचंच आहे, मग नीट उतरून बांधू. मी मोठी फेरी घेतली आणि दुसऱ्या टोकाला आले, दक्षिणेकडून, तोंड उत्तरेला. तिकडून उतरते आहे असं हिंदीत सांगितलं. परवानगी मागितली नाही.

आता वारा समोरून आणि डावीकडून. खरा वैरी, जुना ओळखीचा. पहिलाच तडाखा असा बसला की विमान पट्टीवरून बाजूला फेकलं गेलं. मी नाक त्याच्या अंगावर वळवलं. ये, म्हटलं. किती यायचं ते ये. तिरपी तिरपी आले. धोंडे पंखाखालून गेले. पट्टी आली, छातीत धडधड झाली, ती झाली तशी होऊ दिली. पेडल दाबलं, नाक सरळ, डावा पंख खाली. डावं चाक खाडकन टेकलं. विमान एका पायावर धावायला लागलं, वारा खाली शिरायला बघत होता, आणि मी तो पंख दाबून धरला होता, दातांवर दात. मग उजवं टेकलं. अलगद-बिलगद काही नाही, दोनदा उसळलं. पण मधल्या रेषेवर होतं, आणि अर्धी पट्टी उरलेली असताना थांबलं.

हल्ली नाना माझ्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न विचारतात. जेवलीस का, हा त्यानंतरचा. आधी, 'पोचलीस? वारा कुठून होता?' पाठ अजून पश्चिमेलाच करून बसतात, पण विचारतात. मी त्यांना ही दुपार कधी पूर्ण सांगितली नव्हती, परवा सांगितली. ते म्हणाले, 'माझ्याशी बोलल्यावर?' मी म्हटलं, 'हो नाना, तुमच्याशी बोलल्यावर.' ते म्हणाले, 'बरं झालं ऐकलं नाहीस.' आणि लगेच कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठले. पाणी होतं, मीच भरलं होतं.

तर, विमान थांबलं. मी उतरून पंखाला टेकून उभी राहिले. सर त्यांच्या खडखडणाऱ्या स्कूटरवरून पट्टीच्या मधून आले. स्कूटर उभी केली. चेहरा तांब्याचा.

'रेडियो पर क्या बोली थी?'

'मराठी में बोली थी, सर.'

'हिंदी में बोलो.'

मी बोलले. सगळं, शेवटच्या 'दिखता नहीं क्या आपको' सकट. एकही शब्द मऊ केला नाही. मनात म्हटलं, जातंच आहे तर पूर्ण जाऊ दे.

ते वळले आणि चालत चालत पट्टीच्या उत्तर टोकाकडे, विंडसॉकच्या खांबापाशी गेले. शेडमध्ये ते बसत तिथून तो दिसायचाच नाही, मध्ये कडुनिंब होता. लपटीत उभे राहून त्यांनी मान वर करून ती नारिंगी पिशवी बघितली. परत आले तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

'बिस्तर बाँध लूँ, सर?' मी विचारलं. आवाज खाली येऊ दिला नाही.

'पहले तेल भरवाओ,' ते म्हणाले. 'फिर जाओ। अकेली.'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वारा अजून घुमत होता, कुठून येईल सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, 'सर, हवा फिर घूम गई तो?'

त्यांनी स्कूटरला लाथ मारली, ती सुरू झाली नाही, पुन्हा मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

'तो मुझसे मत पूछना, मंजिरी.'